कपाटातली कप्पी

“काय हे सर, पुण्याहून दगड भरून आणलेत की काय?”

रजकलानं पोतं पाठीवर घेतलं, त्याचा पट्टा कपाळावर ओढला आणि दोन पावलं टाकून ती जरा थांबली. नदीकाठी माघातलं ऊन पडलं होतं, पण वारा असा की कान बधिर व्हावेत.

“पुस्तकं आहेत,” मी म्हणालो.

“एवढी? मग आमच्या पोरांचं काही खरं नाही यंदा.”

हसत हसत ती चढाला लागली. पाऊण तासाचा उभा चढ. मी रिकाम्या हातानं मागून धापा टाकत चाललो होतो आणि ती पोतं घेऊन पुढे, वर कुणाकुणाला हाका मारत. शाळेत पोचल्यावर मी ते पोतं कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. आत पुस्तकं नव्हती. गोणपाटात गुंडाळलेली, ग्रीस फासलेली लोखंडी कप्पी होती. चांगली सात-आठ किलोची.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचं नाव ओखरबाडा, पश्चिम नेपाळच्या डोंगरात. ओखर म्हणजे अक्रोड. माझा जन्म तिथला, पण वाढलो पुण्यात. वडील कोथरूडला एका सोसायटीत वॉचमन, आम्ही चौघं जिन्याखालच्या खोलीत. महापालिकेच्या शाळेत मी मराठीतून शिकलो, रडतखडत बी. कॉम. झालो. वर्षभर नोकरी मिळेना, तेव्हा गावाहून काकांचा निरोप आला: शाळेला मास्तर हवाय, गाव धान्य देईल, राहायला खोली देईल. मी गेलो. तिथे सगळे मला ‘पुने सर’ म्हणायचे. अक्षर वळणदार होतं, त्यामुळे गावाचे अर्ज, तक्रारी, कालापहाडात, म्हणजे हिंदुस्थानात, मजुरीला गेलेल्या नवऱ्यांना पत्रं, सगळं माझ्याकडे.

गावाची घरं सुनगाड नदीच्या अलीकडे आणि भाताची शेतं पलीकडे. बाजार, दवाखाना, टपाल सगळं पलीकडेच. मधे तुइन. तुइन म्हणजे दोन्ही काठांवर बांधलेली जाड तार. तारेवर एक कप्पी फिरते, कप्पीखाली लाकडी पाळणा टांगलेला. पाळण्यात बसायचं आणि दोर ओढत ओढत पलीकडे जायचं. खाली पन्नास-साठ फुटांवर पाणी. बायका शेणखताच्या डालग्या घेऊन जायच्या, भाताचे भारे घेऊन यायच्या, शेळ्या पाय बांधून मांडीवर घ्यायच्या. तारेवर हात ठेवायचा नाही, हे पोरांना बोलता यायच्या आधी शिकवतात. तरी गावात दर तिसऱ्या घरात एखादं बोट कमी.

जुन्या कप्पीची खाच झिजून गेली होती. एका बाजूची कड चिरली होती. पाळणा निघाला की तिचा करकराट शाळेत ऐकू यायचा. नवी कप्पी मी सुट्टीवरून परतताना शहरातून आणली, दोन दिवस डोंगर तुडवत. पलीकडच्या बाजारात आलो तर दुकानदारानं सांगितलं, ठुल्दाइंचा फोन होता, कप्पीबद्दल कुणाशी बोलू नका, थेट शाळेत ठेवा.

ठुल्दाइ म्हणजे आमचे वॉर्डाचे अध्यक्ष, जंगवीर शाही. थोरला भाऊ म्हणून ठुल्दाइ. साठीचा माणूस, डाव्या हाताला दोनच बोटं, बाकीची तीन तुइननं नेलेली. गावात कुणाची म्हैस अडली तरी ते रात्रभर गोठ्यात बसायचे. मला वाटलं, दुसऱ्या पक्षाचे लोक कप्पीचं श्रेय घेतील म्हणून ही लपवाछपवी. राजकारण कुठे नसतं!

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. तिकडे घरांना मातीची सपाट धाबी असतात, त्यावरच धान्य वाळतं आणि त्यावरच बैठका होतात. धाब्यावर राजमा वाळत घातला होता. ठुल्दाइ होते, पाणचक्कीवाले पदमसिं होते आणि मी. तुइनची समिती म्हणजे आम्ही तिघंच.

“उद्या बसवायची का कप्पी?” मी विचारलं. “चार माणसं लागतील.”

ठुल्दाइ राजम्यातले खडे वेचत होते. “सर, तुम्ही सुट्टीवर होतात तेव्हा मी जिल्ह्याला गेलो होतो. पुलाचं विचारायला. हा आपला चौदावा अर्ज. साहेब काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, वरच्या अंगाला एका गावात चार माणसं वाहून गेली, म्हणून तिथं पूल आधी. तुमच्याकडे दहा वर्षांत कोण गेलंय, नावं द्या.”

“मग?”

“मी हात दाखवला.” त्यांनी दोन बोटांचा पंजा वर केला. “हसला तो. म्हणाला, बुवा, बोटांवर पूल मिळत नसतो.”

खाली अंगणात त्यांची सून नाचणी पाखडत होती. पदमसिंनी विडी पेटवली.

“माझा नातू आता तीन वर्षांचा आहे,” ठुल्दाइ म्हणाले. “तोही तारेवरून जाणार. त्याचा पोरगाही. पूल आला की सगळं संपलं. एकदाच काय ते.”

“म्हणजे कप्पी...” मी म्हणालो.

“कप्पी आहेच की. कपाटात आहे. पावसापर्यंत थांबू. तोवर काही झालं नाही, तर आषाढात बसवून टाकू.”

‘काही’ म्हणजे काय हे त्या धाब्यावर कुणी उच्चारलं नाही. पदमसिंनी एवढंच विचारलं, “आपली माणसं?”

“आपली माणसं वरून वळसा घालून जातील.” वरच्या अंगाला चार तासांवर एक जुना पूल होता. “दुसऱ्यांना सांगितलं की मग सगळेच वळसा घालतील. मग काय उपयोग?”

मी किल्ली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवायला हवी होती. मी ती खिशातल्या खिशात मुठीत धरून बसलो. त्यांनी मला चहा दिला, तो प्यायलो. घरी येऊन काकूला म्हणालो, तुइननं जाऊ नको, तार सैल झालीय. काकूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

फाल्गुन गेला, चैत्र गेला, वैशाख गेला. गाव तसंच तारेवरून जात-येत होतं. शाही आणि पदमसिं यांच्या घरची माणसं पहाटे उठून वरच्या वाटेनं जायची आणि अंधारून आल्यावर परतायची. विचारलं तर सांगायची, नवस आहे. तारेचा करकराट सुरू झाला की मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो आणि तो थांबला की पुढचं वाक्य लिहायचो.

रजकला शाळेत पोरांचं दुपारचं खाणं करायची, पाणी भरायची. एकवीस-बावीस वर्षांची असेल. तिचा नवरा दलजित सिमल्याकडे सफरचंदांच्या बागेत कामाला. जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. सासरी ती, दीर-जाऊ आणि तिची म्हातारी आई मनसरा; गाव तिला आमा म्हणायचं, म्हणजे आई. आईचं स्वतःचं घर दरडीखाली गेलेलं, म्हणून ती लेकीकडे आलेली. जावयाच्या घरात राहायचं म्हणजे दिवसभर खाली मान. रजकला पाचवीपर्यंत शिकली होती. पोरं गेल्यावर अर्धा तास मी तिला आठवीचं गणित शिकवायचो. परीक्षा द्यायची होती तिला. आठवी पास झाली की दवाखान्यात मदतनीस म्हणून घेतात, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. मग आईला घेऊन वेगळी राहणार होती.

ज्येष्ठातला शुक्रवार. वर बर्फ वितळत होतं, नदी फुगून मातकट झाली होती. ती रिकामं पोतं झटकत वर्गाच्या दाराशी आली.

“सर, पोहे संपले. आणून टाकते.”

“पुढच्या आठवड्यात जा.”

“आणि तोवर पोरं काय खातील? तुमची पुस्तकं?”

पोरं हसली. मीही हसलो. ती वळली, पण गेली नाही.

“सर, एक विचारू? ठुल्दाइंच्या घरचे हल्ली वळसा घालून का जातात हो? परवा त्यांची सून डोक्यावर भारा घेऊन वरून आली, पाय सुजले होते बिचारीचे. तुइनला काही झालंय का?”

पोरं आपापसात बोलत होती. माझ्या हातात खडू होता. कपाट माझ्या मागे, हाताच्या अंतरावर.

“नवस बोललेत म्हणे,” मी म्हणालो.

“नवस होय.” तिनं मान डोलावली. “बरं. येताना लाल शाई आणू का? तुमची संपलीय.”

“आण,” मी म्हणालो.

दुपारी परत येताना झालं. मी तिसरीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेत होतो. करकराट सुरू झाला, नेहमीसारखा, आणि मधेच तुटला. मग काही नाही. मग खालून एका बाईची किंकाळी. मी पटांगणात धावलो. नदीच्या मधोमध पाळणा एका दोरावर तिरपा लोंबत होता, रिकामा. खाली पाण्यावर पांढरं काहीतरी पसरत चाललं होतं, लांबवर. पोतं फुटलं होतं. पोहे होते ते.

गाव दोन दिवस काठाकाठानं फिरलं. देह मिळाला नाही. ठुल्दाइ सगळ्यांत पुढे होते, साठीचा माणूस कमरेपर्यंत बर्फाच्या पाण्यात उतरला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते शाळेत आले, बाकावर बसले आणि रडले. खोटं नव्हतं ते रडणं. मग त्यांनी डोळे पुसले.

“सर, अर्ज लिहा.”

मी कागद घेतला. लिहिलं: अमुक तारखेस, शाळेच्या मुलांसाठी अन्न घेऊन येत असता, रजकला, वय एकवीस...

“दोन जिवांची होती, असं लिहा.”

मी थांबलो. “नव्हती.”

“कुणी बघितलंय? देह कुठे सापडलाय?”

“ठुल्दाइ, तिचा नवरा...”

“अर्ज जिल्ह्याला जाणार आहे, तिच्या नवऱ्याकडे नाही. एक बाई गेली तर साहेब पान उलटतो. दोन जिवांची गेली तर थांबतो. ती परत येणार आहे का लिहिलं नाही तर? मग निदान फुकट तरी जायला नको.”

मी लिहिलं. आठ महिन्यांची गरोदर, असं लिहिलं. आठ ही संख्या मी माझ्या मनानं घातली, सहापेक्षा ती बरी वाटली म्हणून. खाली आईचा अंगठा हवा होता. मनसरा आमा घराच्या पायरीवर बसली होती. मी कागद वाचून दाखवला, ते एक वाक्य गाळून. ती म्हणाली, “चांगलं लिहिलंय सर. पोरांसाठी पोहे आणत होती, ते लिहिलंत, बरं केलंत.” मी तिचा अंगठा शाईवर धरला आणि कागदावर टेकवला.

नवी कप्पी आम्ही दहाव्या दिवशी बसवली. जिल्ह्यातून आणली, असं ठुल्दाइंनी सांगितलं. लोकांनी त्यांचे पाय धरले. कप्पी अशी सुळकन चालायची की पाळणा येतोय हे कळायचंसुद्धा नाही.

पण त्याआधी, सहाव्या दिवशी, पलीकडच्या एफएम रेडिओवर बातमी लागली होती. रेडिओला अर्ज कुणी दिला, कसा दिला, ठाऊक नाही. ‘गर्भवती महिला नदीत वाहून गेली.’ ओखरबाड्याच्या रजकलाच्या पोटी आठ महिन्यांचा जीव होता, असं सगळ्या खोऱ्यानं ऐकलं. दलजित तिकडे सिमल्याला बागेच्या खोपटात डोकं भादरून, पांढरं नेसून किरियेला बसला होता. तेरा दिवस सुतक पाळून बसायचं असतं. सातव्या दिवशी त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं. त्यानं गावी भावाला फोन लावला. तो फोन मी ऐकला, कारण गावात सिग्नल फक्त शाळेच्या पटांगणात यायचा आणि त्याचा भाऊ स्पीकर लावून उभा होता.

“मी तिथून निघून चौदा महिने झाले, दादा,” दलजित म्हणत होता. “चौदा. आठ कुठून आले?”

“आम्हाला काय माहीत? आम्हाला तर काही दिसलं नाही.”

“शाळेच्या कागदावर लिहिलंय म्हणतात.”

“कागदावर आहे खरं.”

मग दलजित म्हणाला, “मी उठतोय किरियेतून. कुणाच्या तरी पोराला पाणी घालायला मी बसलेलो नाही. आणि त्या म्हातारीला बाहेर काढ. तिला सगळं ठाऊक असणार.”

मी तिथेच होतो, पाच पावलांवर. भाऊ माझ्याकडे बघत होता, मी काही सांगेन म्हणून. मी ठुल्दाइंच्या घरी पळत गेलो.

“सांगून टाकू या,” मी म्हणालो. “ते वाक्य खोटं आहे म्हणून सांगू या.”

“आणि अर्जात खोटं आहे म्हटल्यावर साहेब काय करेल? फाईल गटारात टाकेल. पुन्हा दहा वर्षं.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “म्हातारीचं मी बघतो.”

आणि त्यांनी बघितलं. मनसरा आमाला घराबाहेर काढलं त्या दुपारी ठुल्दाइ स्वतः गेले, तिचं गाठोडं आपल्या पाठीवर घेतलं आणि तिला आपल्या गोठ्याच्या माळ्यावर जागा दिली. रोज दोन वेळा घरातून भाकरी जायची. रजकलाचं क्रियाकर्म कुणीच केलं नाही. नवऱ्यानं नाही, दिरानं नाही. पाणवठ्यावर बायका तिचं नाव घेताना थुंकायच्या. आधी तिचं कौतुक करणाऱ्याच होत्या त्या.

पाऊस संपला आणि आश्विनात इंजिनिअर आला. तरुण होता, पायात चांगले बूट, बरोबर माप घेणारी दोन माणसं. सगळं गाव नदीवर लोटलं. त्यानं दोन्ही काठांना खुंट्या मारल्या, झुलता पूल इथून इथवर असं हातानं दाखवलं. बायकांनी त्याच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. दुपारी तो शाळेत जेवायला बसला, ठुल्दाइ आणि मी सोबतीला.

“फार उशीर केलात तुम्ही,” तो म्हणाला. “मंजुरीचं पत्र मिळाल्यावर गावानं ठराव पाठवायचा असतो. आम्ही वाट बघून शेवटी स्वतःच निघालो.”

“कसलं पत्र?” ठुल्दाइ म्हणाले.

त्यानं फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली, वाचता येणारा मी म्हणून. पूल मंजूर झाला होता. चैत्राच्या बारा तारखेला. मी ती तारीख वाचली आणि पुन्हा वाचली. रजकला गेली ज्येष्ठात.

“आणि आमचा अर्ज?” मी विचारलं. “अपघाताचा?”

“अपघात झाला होता?” त्यानं भाताचा घास कालवला. “तो दुसऱ्या विभागात गेला असेल. माझ्यापर्यंत नाही आला.”

पत्र नंतर सापडलं. पलीकडच्या बाजारातच होतं, दुकानात, तेलाच्या डब्याखाली. वॉर्डाचं टपाल दुकानदार ठेवून घ्यायचा आणि फक्त अध्यक्षांच्या घरच्या माणसांच्या हातात द्यायचा. सरकारी कागद, भलत्याकडे कसा देणार? आणि अध्यक्षांच्या घरची माणसं फाल्गुनापासून वरच्या वाटेनं जात होती. ती वाट बाजारात उतरत नाही. नवी कप्पी बसल्यावर ती पुन्हा बाजारात येऊ लागली, तोवर दुकानदार ते पत्र विसरून गेला होता.

ठुल्दाइंनी ते पत्र माझ्याकडून एकदा वाचून घेतलं, घडी घातली आणि बंडीच्या आत सारलं.

“तारीख तुम्ही वाचली, मी ऐकली,” ते म्हणाले. “पदमसिंलाही सांगायची गरज नाही.”

पुढच्या वर्षी पूल झाला, म्हणजे झाला असं ऐकलं. मी तो बघितला नाही. त्या कार्तिकातच मी गाव सोडलं. पण निघायच्या आधी एक काम केलं. नसतं केलं तर बरं झालं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. आता मंजुरी पक्की होती, खांबांचे खड्डे खणायला सुरुवात झाली होती, खरं बोलल्यानं कुणाचंच काही जाणार नव्हतं. म्हणून मी खरं बोलायला गेलो.

मनसरा आमा रोज सकाळी तांब्या घेऊन नदीवर जायची. मी गेलो तेव्हा ती एका खडकावर बसून तांब्या घासत होती. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो.

“आमा, रजकला पोटुशी नव्हती,” मी म्हणालो. “ते मी लिहिलं. खोटं लिहिलं. अर्जाला जोर यावा म्हणून.”

तिनं तांब्या विसळला. “कुणी सांगितलं लिहायला?”

“ठुल्दाइंनी.”

“ठुल्दाइंनी.” तिनं माझ्याकडे बघितलं. “मला हाकललं तेव्हा माझं गाठोडं कुणी उचललं, सर? तुम्ही?”

“नाही,” मी म्हणालो. पण सुरुवात केली होती, तर सगळंच सांगायचं ठरवलं. कप्पी माघातच आली होती, म्हणालो. शाळेच्या कपाटात होती. बसवायची नाही असं आम्ही ठरवलं होतं. ज्या पोत्यात ती होती ते रजकलानंच काठावरून वर नेलं होतं.

ती अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर महिने मोजत राहिली. ओठ हलत होते.

“कपाटाची किल्ली कुणाकडे होती?”

“माझ्याकडे.”

“त्या दिवशी पोह्यांना कुणी पाठवलं?”

“ती निघाली होती. मी थांबवलं नाही.”

“पोरं गेल्यावर तिला शिकवत कोण बसायचं?”

“मी.”

ती कुठे चालली आहे हे मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खूप दिवसांचं कोडं सुटावं तशी ती सैल झाली होती.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली. “मी आई, मला दिसलं नाही, आणि मास्तरनं आठ महिने कसे मोजून लिहिले? त्याचं त्यालाच ठाऊक असणार.”

“आमा, तसं नाही! तिला मी बहिणीसारखी...”

“घाबरू नको, बाबू.” आजवर ती मला ‘तुम्ही’ म्हणत होती. “मी कुणाला सांगणार नाही. सांगून ती दोघं थोडीच यायची आहेत?”

मी आईची शपथ घेतली, नदीत हात बुडवून शपथ घेतली. न पोचलेलं पत्र, तारीख, धाब्यावरची बैठक, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तापातल्या पोराची बडबड ऐकावी तशी ती मान डोलवत राहिली. पुलाचं, समितीचं तिला काही नको होतं. तिला लेकीचं मूल हवं होतं, आणि ते तिला माझ्या अक्षरात मिळालं होतं.

मी बोलायचा थांबलो तेव्हा तिनं तांब्या नदीत बुडवला, भरून घेतला.

“पाच महिने झाले, मी दोघांना पाणी घालतेय,” ती म्हणाली. “रजकलाला पोचत असेल, ती माझी. पण बाळाला माझ्या हातचं पोचतं की नाही, कुणास ठाऊक. त्याला बापाच्या हातचं लागतं.”

तिनं तांब्या माझ्यापुढे धरला. पाणी काठावरून सांडत होतं. वरच्या बाजूला खड्ड्यांमधून मजूर दगड काढून फेकत होते, त्याचा आवाज येत होता.

“घाल, बाबू.”

मी तांब्या घेतला.

पाण्यात उतरलो, गुडघ्यापर्यंत. पाय सुन्न झाले. ओंजळ भरली.

“नाव घे,” ती मागून म्हणाली.

“कुणाचं?”

“त्याचं. तू ठेवशील ते.”

मी एक नाव घेतलं, तोंडाला आलं ते. पाणी सोडलं. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा तेच नाव घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा मागे खडकावर मनसरा आमा ते नाव हळूहळू, एकेक अक्षर, स्वतः म्हणून बघत होती.